आधी करार, मग कॉम्प्युटर

(दहावी-बारावीनंतरच्या वाटा या विषयावर तरुण मुलामुलींसमोर केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन आहे. वक्त्या मिरजेच्या आहेत. आयटीआयनंतर त्यांनी सांगलीतल्या एका व्यापारी कंपनीत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केली.)



मला दिलेला विषय असा आहे, की व्यापारी कंपनीत राहून आयटीचं काम कसं शिकावं. आयटी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिंजवडीतल्या काचेच्या इमारती आणि बीई झालेली मुलं येतात. ज्याला जमतं त्यानं त्या वाटेनं जरूर जावं. पण ज्यांच्या घरी चार वर्षांच्या फीची सोय नाही, ज्यांना दहावीनंतर वर्ष-दोन वर्षांत घरात चार पैसे आणावे लागतात, त्यांच्यासाठीही एक वाट आहे. ती आपल्याच मार्केट यार्डातून जाते. त्या वाटेनं मी गेले आहे, म्हणून तिच्यातलं चांगलं आणि वाईट दोन्ही सांगते.

मी आयटीआयला 'कोपा' केलं. कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट. एक वर्षाचा ट्रेड आहे, प्रवेश दहावी पासवर मिळतो. त्यानंतर हळद आणि बेदाण्याचा व्यापार करणाऱ्या कंपनीत मी एक वर्ष शिकाऊ उमेदवार होते. कंपनी म्हणजे यार्डातलं ऑफिस, दोन गोदामं आणि कोल्ड स्टोरेजमध्ये भाड्यानं घेतलेली जागा. माणसं चाळीसच्या आसपास.

शागिर्दी आपल्याला नवी नाही

आपल्या मोहल्ल्यात काम शिकायची पद्धत आपण लहानपणापासून बघतो. पोरगा गॅरेजमध्ये जातो, शिलाईच्या दुकानात बसतो, एसी दुरुस्तीच्या उस्तादाबरोबर फिरतो. चार-पाच वर्षांत त्याचा हात असा बसतो, की कंपनीतला इंजिनिअरही त्याला विचारून जातो. शिकवणारा उस्ताद बहुतेक वेळा मनापासून शिकवतो. त्या शिकण्यात कमतरता नसते.

कमतरता कागदात असते. दहा वर्षं काम केलेल्या त्या मुलाकडे कुठे शिकला याचं प्रमाणपत्र नसतं, पगाराची पावती नसते, बँकेत दाखवायला काही नसतं. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. त्यात देशभरातल्या मुसलमानांचं जे चित्र आहे ते आपल्या गल्लीतलंच वाटतं. स्वतःचा छोटा धंदा आणि कारागिरी करणारे जास्त, नियमित पगाराच्या नोकरीत असणारे कमी. हातात हुनर आहे, पण नोंद कुठेच नाही.

सरकारी मराठीत अप्रेंटिसशिपला 'शिकाऊ उमेदवारी' म्हणतात. उमेद हा आपल्या घरातलाच शब्द. उस्ताद-शागिर्दाच्या याच नात्याला १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमानं कागदावर आणलं. शिकवणाऱ्यानं काय द्यायचं, शिकणाऱ्यानं काय करायचं, हे त्यात लिहिलेलं आहे. आज मला तुम्हाला मुख्य सांगायचं आहे ते हेच, की काम कुठलंही शिका, पण कागदावर शिका.

करारात काय असतं

केंद्र सरकारचं अप्रेंटिसशिपचं पोर्टल आहे. तिथे तुमची नोंद होते, कंपनीची नोंद होते आणि दोघांमधला करार नोंदवला जातो. ट्रेड कुठला, मुदत किती, विद्यावेतन किती, हे त्या करारात असतं. ज्या आस्थापनेत कंत्राटी धरून ३० किंवा जास्त माणसं आहेत, तिला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. ४ ते २९ माणसं असतील तर घेणं ऐच्छिक आहे. म्हणजे यार्डातली लहान पेढीसुद्धा मनात आणलं तर तुम्हाला रीतसर घेऊ शकते. हे बऱ्याच व्यापाऱ्यांनाच माहीत नसतं. तुम्ही जाऊन सांगा.

पैशाचं सांगते. माझा करार २०१९ च्या नियमांप्रमाणे झाला. त्यात आयटीआय प्रमाणपत्रवाल्याला महिना किमान ७,००० रुपये, पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला ९,००० असं होतं. माझ्या वेळी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार देत होतं आणि तो थेट बँक खात्यात यायचा. हे आकडे बदलत असतात, म्हणून सही करण्याच्या दिवशी पोर्टलवरचा आकडा बघा. आणि लक्षात ठेवा, ही रक्कम किमान आहे. कंपनीला जास्त द्यायला कुणी अडवलेलं नाही.

कायद्यानं तुमच्याकडून नगावर काम करून घेता येत नाही. जादा तास काम करून घ्यायचं असेल तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची परवानगी लागते, आणि ते काम तुमच्या शिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताचं असेल तरच ती मिळते. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. भांडण झालंच तर ते त्याच सल्लागाराकडे नेता येतं.

आता दुसरी बाजू. कायदा तुम्हाला कामगार मानत नाही, शिकणारा मानतो. म्हणून कामगारांसारखा भविष्य निर्वाह निधी नाही. वर्ष संपल्यावर त्याच कंपनीनं नोकरी द्यावी अशी सक्ती नाही. सात हजारात घर चालत नाही, हेही मला माहीत आहे. त्यामुळे हे वर्ष कमाईचं समजू नका. शिकण्याचं समजा आणि शिकणं पुरेपूर वसूल करा.

मी आधी एका ठिकाणी गेले होते. नाव घेत नाही. तिथले साहेब म्हणाले, "तीन महिने ये, काम बघू, मग कागदाचं करू." माझी अम्मी घरी शिलाईकाम करते, तिला नगावर पैसे मिळतात. तिनं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "तीन महिन्यांनी त्यांनी नाही म्हटलं तर तू कुणाला काय दाखवणार?" मी तिथे गेले नाही. तुम्हालाही असं कुणी सांगितलं तर अम्मीचा प्रश्न आठवा.

पेढीवर आयटी म्हणजे काय

पहिले काही आठवडे मी प्रिंटर सांभाळला, आणि प्रिंटर सांभाळणं हे हलकं काम समजू नका. गोदामातला लेबल प्रिंटर बंद पडला की माल हलत नाही. नेटवर्कची केबल, दोन मशीनना एकच आयपी पत्ता गेल्यामुळे होणारा घोळ, रोजचा बॅकअप आणि त्याची एक प्रत ऑफिसच्या बाहेर ठेवणं, हे सगळं मी तिथेच शिकले. आयटीआयमध्ये बॅकअपची व्याख्या पाठ केली होती. बॅकअप परत उघडून बघायचा असतो, नाहीतर तो बॅकअपच नसतो, हे पेढीवर कळलं.

पण खरं शिक्षण सुरू झालं ते मालाच्या नोंदींपासून. हळद गोदामात पोत्यांनी मोजतात, भाव क्विंटलवर ठरतो आणि बिल किलोत होतं. बेदाणा बॉक्सात, आणि प्रत्येक लॉट वेगळा. एकाच शेतकऱ्याच्या दोन लॉटचा रंग वेगळा, भाव वेगळा. कोल्ड स्टोरेजमधून कुठला लॉट बाहेर काढला याची नोंद चुकली, तर गिऱ्हाइकानं नमुना एक बघितलेला असतो आणि हातात दुसराच पडतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये माल घालताना त्याचं परिमाण काय, लॉट क्रमांक काय, जागा कुठली, हे आधी नीट ठरवावं लागतं. प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकात याला डेटा डिझाइन म्हणतात. यार्डात त्याला कुणी नाव देत नाही, पण ते बिघडलं की सगळे ओरडतात.

आमच्याकडे एक जुनी तक्रार होती. स्क्रीनवर हळदीची पोती जास्त दिसायची, गोदामात कमी भरायची. जो तो सॉफ्टवेअरला दोष द्यायचा. आमचे दिवाणजी साठीच्या घरातले होते, टॅलीत त्यांना फक्त शिल्लक बघता यायची. ते म्हणाले, "कॉम्प्युटर खरं बोलतोय की नाही ते गोदामात जाऊन विचार." मी दोन दिवस गोदामात हमालांबरोबर उभी राहिले. हळद पॉलिशला गेली की वरची साल आणि माती निघते, वजन घटतं आणि माल पुन्हा नव्यानं पोत्यांत भरला जातो. शंभर पोती गेली तर शंभर परत येत नाहीत. दिवाणजींच्या वहीत त्यासाठी 'घट' असा वेगळा रकाना होता. कॉम्प्युटरवर मात्र घटीची नोंदच कुणी करत नव्हतं.

मग मी एक्सेलमध्ये साधा तक्ता केला. तारीख, लॉट, गेलेली पोती, आलेली पोती, वजन, घट. दर शनिवारी त्यावरून टॅलीत मालाची नोंद दुरुस्त करायची. यात प्रोग्रॅमिंग फारसं नव्हतं. पण त्याच तक्त्यात आणखी एक रकाना दिवाणजींनी घालायला लावला, हमालीचा. हमाली पोत्यावर असते. पुन्हा भरलेल्या पोत्यांची नोंद नसेल तर ती उचलणाऱ्याच्या मजुरीचा हिशेब जुळत नाही. आपण कीबोर्डवर एक आकडा टाकतो, तो पुढे कुणाच्या तरी मजुरीत जाऊन पोचतो. हे मला कुठल्याही क्लासमध्ये शिकायला मिळालं नसतं.

हिशेब, जमा, बाकी, वसूल, नफा हे मराठी व्यापारातले शब्द अरबीतून आलेत. पेढीची भाषा आपल्याला परकी नाही. ती फक्त आता स्क्रीनवर गेली आहे.

पंधरा अक्षरं आणि एक ट्रक

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि व्यापारी कंपनीत कॉम्प्युटर जाणणाऱ्या माणसाची गरज वाढली. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, कर्नाटकाचे २९. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. शेवटचं अक्षर पडताळणीचं. हे एकदा समजलं की गिऱ्हाइकानं फोनवर सांगितलेला क्रमांक चुकीचा आहे हे बऱ्याचदा नुसतं बघून कळतं. माल राज्याच्या आत चालला तर कर केंद्र आणि राज्य असा दोन भागांत लागतो, बाहेर चालला तर एकत्रित. सुरुवातीचे दोन अंक चुकले तर कराचा प्रकारच चुकायची वेळ येते.

मग ई-वे बिल. दुसऱ्या राज्यात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल पाठवायचा तर ते लागतं. महाराष्ट्राच्या आत ही मर्यादा एक लाख आहे. त्याचे दोन भाग. पहिल्यात मालाची माहिती, दुसऱ्यात गाडीचा नंबर. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत भरला तर दुसरा भाग बदलावा लागतो. साध्या मालवाहतुकीत दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते, म्हणजे ९०० किलोमीटरच्या प्रवासाला पाच दिवस. ट्रक दारात उभा आहे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि तुम्ही गाडीचा नंबर टाइप करताय. त्या वेळी शांत राहून एकेक अक्षर तपासणं हेच तुमचं कौशल्य.

ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या व्यापाऱ्यांना दिलेल्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइसही करावं लागतं. त्यातून एक नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड मिळतो. या सगळ्याला दर महिन्याच्या तारखा आहेत. माल विकल्याचा तपशील ११ तारखेपर्यंत, १४ ला खरेदीच्या कराचा तक्ता पोर्टलवर तयार होतो, २० पर्यंत कर भरून विवरणपत्र. छोट्या व्यापाऱ्यांना तिमाहीची सवलत आहे. महिन्याचं हे चक्र ज्याला पाठ आहे, त्याला व्यापारी कंपनीत कुणी रिकामं बसू देत नाही.

पासवर्ड ही अमानत आहे

आता एक नाजूक गोष्ट. तुम्ही कॉम्प्युटरवर बसता म्हणजे तुमच्या हातात कंपनीच्या चाव्या येतात. कुणाला किती भावानं माल दिला, कुणाची किती उधारी आहे, सगळं तुम्हाला दिसतं. ते बाहेर चहाच्या गाड्यावर बोलायचं नाही. घरीसुद्धा नाही.

आणि कधीतरी कुणीतरी म्हणतं, "माझ्या पासवर्डनं आत जा आणि त्या बिलाची मागची तारीख टाक." मला असं एकदा सांगितलं गेलं. मी म्हटलं, "माझ्या नावाचा युजर आयडी द्या, आणि काय बदलायचं ते कागदावर लिहून द्या." ते कागदावर कुणी लिहून दिलं नाही. विषय तिथेच थांबला. कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे. कुणी, कधी, काय बदललं, ते सगळं मागे राहतं. बिलात खरंच चूक असेल तर क्रेडिट नोट काढायची सरळ पद्धत आहे.

शिकाऊ उमेदवारानं वरिष्ठांचे आदेश पाळावेत असं कायद्यात आहे. पण त्यात शब्द आहेत 'कायदेशीर आदेश'. हे दोन शब्द मिळून वाचा. कुणी बेकायदा काम सांगितलं तर उद्धटपणा करायची गरज नाही. नम्रपणे लेखी मागा. बऱ्याचदा तेवढं पुरतं.

घरचे आणि बाहेरचे प्रश्न

मुलींना वेगळं सांगते. आमच्या भागात बेदाणा निवडायला बायका मोठ्या संख्येनं जातात. निवडणीच्या शेडमध्ये बाई चालते, ऑफिसातल्या खुर्चीवर ती बसली की घरचे आणि बाहेरचे दोघेही विचारात पडतात. म्हणून करारापूर्वी स्वतः जाऊन बघा. वेळ काय, परत यायला बस आहे का, बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, ऑफिसात आणखी कुणी बाई आहे का. हे विचारायला लाजू नका. घरच्यांना एकदा बरोबर घेऊन जा. माझे अब्बा दिवाणजींशी अर्धा तास बोलले, त्यानंतर घरात विषय निघाला नाही.

तुमच्या मनातला दुसरा प्रश्न मला माहीत आहे. नाव ऐकून नाही म्हणतील का? काही ठिकाणी म्हणतात. मलाही एका ठिकाणी नाव सांगितल्यावर जागा भरली असं कळलं, आणि त्याच जागेची जाहिरात पुढच्या आठवड्यात पुन्हा दिसली. त्रास होतो. पण एका दारावर थांबू नका, पाच ठिकाणी अर्ज करा आणि ते पोर्टलवरून करा, म्हणजे अर्ज केल्याची नोंद राहते. ज्या कंपनीत मी शिकले, तिथे हळद विकणारे शेतकरी, हमाल, ड्रायव्हर, दिवाणजी सगळ्या जातीधर्मांचे होते. तिथे माणूस शेवटी त्याच्या हिशेबाच्या खरेपणावर ओळखला जातो.

वर्ष संपल्यावर

आयटीआयच्या ट्रेडची शिकाऊ उमेदवारी पूर्ण केली की परीक्षा असते, आणि पास झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. ते देशभर चालतं. परीक्षा चुकवू नका. काही मुलं वर्ष काढतात आणि परीक्षेच्या वेळी गावाला जातात. म्हणजे पुन्हा बिनकागदाचे.

मी आता दुसऱ्या एका व्यापारी कंपनीत सॉफ्टवेअर आणि मालाच्या नोंदी सांभाळते. रात्री मुक्त विद्यापीठाच्या पदवीचा अभ्यास करते. माझ्या मुलाखतीत मला प्रोग्रॅमिंगचे दोन प्रश्न विचारले, आणि हळदीच्या घटीवर मात्र पंधरा मिनिटं बोलणं झालं. कोपा झालेली मुलं पुष्कळ असतात. व्यापार समजणारं कोपा झालेलं माणूस त्यांना हवं होतं.

शेवटी कामाचं. पोर्टलवर नोंदणी करायला आधार, दहावीची गुणपत्रिका, आयटीआयचं प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. आपल्याकडे इथेच गाडी अडते. आधारवर 'मोहम्मद', गुणपत्रिकेवर 'मोहंमद', बँकेत नुसतं 'मो.' मुलींच्या बाबतीत एका कागदावर खातून, दुसऱ्यावर बेगम, तिसऱ्यावर काहीच नाही. माणूस एकच असतो, पण कॉम्प्युटरला तीन दिसतात. दहावीची गुणपत्रिका समोर ठेवा आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्या. इंग्रजी स्पेलिंगचं एकेक अक्षर बघा. हे आज सुरू केलं तर कंपनी मिळेपर्यंत होऊन जाईल.

आणि कंपनीत गेल्यावर पाच गोष्टी विचारा. करार पोर्टलवर कधी नोंदवणार? विद्यावेतन किती आणि कुठल्या तारखेला? मला शिकवणार कोण? माझ्या नावाचा वेगळा युजर आयडी मिळेल का? परीक्षेला सुट्टी मिळेल का? ज्यांना शिकवायचं आहे ते या प्रश्नांवर रागावत नाहीत. अडचण आली तर आपल्या आयटीआयमधल्या बीटीआरआय केंद्रात जा. शिकाऊ उमेदवारीचं कामकाज तिथून चालतं.

आज जे कागद बरोबर घेऊन आले असतील त्यांनी थांबावं. मागच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आहे. आधी तुमचे प्रश्न घेऊ, मग एकेकाची नावं जुळवायला बसू.